चौकटीखाली राहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना मॅक्रो आहे. मला हातपाय नाहीत, चाके नाहीत, आवाजही नाही. संगणकाने एखादे काम कसे करायचे हे सांगणाऱ्या काही ओळी, एवढेच माझे शरीर. एका वृद्धाश्रमाच्या फाइलमध्ये मी राहतो. माझी हकिगत तुम्हाला सांगावी असे फार दिवस मनात होते, कारण ती एकट्या माझी नाही.

ती फाइल म्हणजे एक मोठा तक्ता. आश्रमातल्या प्रत्येक आजी-आजोबांच्या नावाचा त्यात एक रकाना आहे. रकान्यावर बाण नेला की शेजारी छोटी चौकट उघडते आणि त्या माणसाबद्दलची टीप दिसते. या टिपा मोठ्या सिस्टर लिहीत. आश्रमाची सगळी देखभाल त्यांच्याकडे होती. त्या नुसते औषधपाणी लिहून थांबत नसत. ‘या आजींना खिडकीजवळचीच खाट लागते.’ ‘हे आजोबा ऐकू आलं नाही तरी मान हलवतात, पुन्हा विचारावं.’ घरच्या माणसाची ओळख करून द्यावी तसे त्यांचे लिहिणे होते.

पण ती चौकट फार कोती होती. अक्षरे मुंगीएवढी. वरची ओळ लिहिणाऱ्याच्या नावातच खर्ची पडायची आणि टीप लांबली की खालचा मजकूर चौकटीबाहेर राहून दिसेनासा व्हायचा. त्यात सिस्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता.

“सिस्टर, नाक लागेल हो स्क्रीनला,” ऑफिसात हिशेब लिहिणारी अक्का एकदा म्हणाली.

“मग अक्षरं मोठी कर ना. तुझं ऐकतो तो कॉम्प्युटर, माझं कुठे ऐकतो?”

अक्काने ते मनावर घेतले. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात आणि दुसऱ्याने कळा दाबत तिने मला घडवले. पहिल्यांदा मी सगळ्या चौकटी काळ्या केल्या आणि आतली अक्षरेही काळीच ठेवली. अक्काला हसता हसता ठसका लागला. हळूहळू मी शिकलो. फाइल उघडली की मी एकेका टिपेजवळ जायचो. लिहिणाऱ्याचे नाव काढून टाकायचो, अक्षरे मोठी आणि ठळक करायचो. ‘नको’ किंवा ‘देऊ नये’ असे शब्द दिसले की चौकटीला लाल किनार लावायचो. शेवटी मजकूर मावेल एवढी चौकट ताणून मोठी करायचो. एकही ओळ खाली राहायची नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. सिस्टर आता खुर्चीत आरामात टेकून वाचत. चहा-नाश्ता देणाऱ्या जुन्या मावशी लांबूनच लाल किनार पाहून म्हणत, “थांबा, या आजींचं काहीतरी आहे.” तपासायला येणारे डॉक्टरही एकदा माझ्या कामाकडे पाहून वा म्हणाले. मी मनातल्या मनात फुगलो.

पुढे अक्काच्या नवऱ्याची बदली झाली. जाताना तिने व्यवस्थापकांना बजावले, “फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते. तिथे ‘चालू करा’ दाबायचं. विसरू नका.” व्यवस्थापक फोनवर बोलत होते. त्यांनी मान डोलावली.

नंतर नवे संगणक आले. ते बसवणारा तंत्रज्ञ म्हणाला, “असल्या मॅक्रोंमधून व्हायरस शिरतात. बंदच ठेवलेले बरे.” मित्रांनो, तो खोटे बोलत नव्हता. माझ्या जातीत लबाड पुष्कळ आहेत. फक्त मी कोण, कशासाठी आहे, हे त्याने विचारले नाही आणि त्याला कुणी सांगितलेही नाही. सेटिंगमधली एक खूण काढली गेली आणि मी जागच्या जागी निजलो. ऐकू यायचे, दिसायचे, पण हालचाल करता येईना. माझे काम फाइल बंद होईपर्यंतच टिकायचे, त्यामुळे चौकटी पुन्हा लहान झाल्या.

गंमत अशी, की कुणाचे काही अडले नाही. सिस्टर थोड्या कुरकुरल्या. पण त्यांना आणि जुन्या मावशींना एव्हाना सगळ्यांच्या सवयी पाठ झाल्या होत्या. तक्ता कोण उघडतो? माझी आठवणही कुणाला राहिली नाही. अडगळीत पडलेल्या वस्तूला जसे वाटते, तसेच मला वाटत होते.

मग जुन्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. त्याच सुमारास सिस्टरांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. दोघी एकदमच रजेवर. मावशींच्या जागी नव्या मावशी आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, हात धुतल्याशिवाय कपबशीलाही न शिवणाऱ्या. सिस्टरांनी जाण्याआधी त्यांना बाण कसा न्यायचा हे दाखवले होते. “काहीही द्यायच्या आधी टीप वाचायची,” असे सांगितले होते. नव्या मावशी एकेक टीप ओठ हलवत वाचायच्या.

आश्रमात एक घड्याळकाका होते. जन्मभर घड्याळे दुरुस्त केलेली, म्हणून हे नाव. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणे खणखणीत होते, जीभ तर फारच तिखट, पण गिळणे बिघडले होते. पातळ काही घेतले की ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरायचे.

त्या दुपारी मावशींनी त्यांच्या रकान्यावर बाण नेला. चौकट उघडली. ती कुठे संपते आहे ते मला दिसत होते. मी धडपडलो, पण बंद केलेल्या मॅक्रोची धडपड ती काय. मावशी वाचून उठल्या, कप भरला, आत गेल्या. थोड्याच वेळात आतून खोकला ऐकू आला. मग खोकला थांबला आणि माणसांची धावपळ ऐकू आली.

घड्याळकाकांना दवाखान्यात नेले. फुप्फुसात चहा गेला होता, न्यूमोनिया झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते.

“चहा कुणी दिला?”

“मी,” नव्या मावशी म्हणाल्या. “वाचूनच दिला, दादा.”

“वाचला असता तर दिलाच नसता,” व्यवस्थापक म्हणाले. “टिपेत स्पष्ट लिहिलंय. सिस्टरांनी लिहिलं तेव्हा मी इथेच होतो. मावशी, उद्यापासून येऊ नका.”

मावशींनी वाद घातला नाही. टेबलाची कड घट्ट धरून त्या म्हणाल्या, “माझी आई माझ्याच हातून जेवायची शेवटपर्यंत. मी न वाचता देणार नाही.” आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

सिस्टरांना कळले तेव्हा डॉक्टरांचे न ऐकता त्या काळा चष्मा लावून आल्या. त्यांनी मावशींना फोन करून बोलावून घेतले. वडिलांचे कपडे न्यायला मुलगाही आला होता.

“मावशी, त्या दिवशी काय वाचलंत ते मला वाचून दाखवा,” सिस्टर म्हणाल्या.

मावशींनी बाण नेला आणि बोट ठेवून वाचले, “घड्याळकाकांना चहा मनापासून आवडतो. दुपारी आठवणीने द्यावा. घाई करू नये, गार झाला तरी त्यांना चालतो.”

“पुढे?”

“पुढे काही नाही, सिस्टर. टिंब आहे.”

खरेच, तिथे पूर्णविराम होता आणि तिथेच चौकट संपत होती. वाक्य पुरे झालेले. कुणाला शंका कशी येणार? सिस्टरांनी टीप खुली करून चौकटीचा खालचा कोपरा धरला आणि ओढला. खालून एक ओळ वर आली. ‘मात्र पातळ काहीही देऊ नये. चहासुद्धा पावडर घालून घट्ट करून, चमच्यानेच.’

मुलाने वाकून ती ओळ दोनदा वाचली.

“म्हणजे लिहिलेलं होतं,” मुलगा म्हणाला.

“होतं,” सिस्टर म्हणाल्या. “पण यांना दिसत नव्हतं.”

मुलाने मावशींकडे पाहिले. त्याने शेजारची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. तेव्हा मावशी बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. व्यवस्थापक खिडकीकडे तोंड करून उभे होते. जरा वेळाने त्याच बाजूला पाहत म्हणाले, “मावशी, कामावर या.”

अक्काला निरोप गेला. ती बसने आली आणि पाणीही न पिता संगणकापुढे बसली. तिने तंत्रज्ञाला बोलावून घेतले. दोघांनी माझ्या ओळी वाचल्या आणि मी विश्वासातला आहे अशी नोंद केली.

“याला बंद ठेवायचा तर ठेवा,” अक्का व्यवस्थापकांना म्हणाली, “पण हा करतो काय, ते आधी विचारा.”

मी जागा झालो. चौकटी मोठ्या झाल्या, लाल किनारी उमटल्या. पण मित्रांनो, मला आनंद झाला नाही. दवाखान्यात घशात नळी घालावी लागली होती; घड्याळकाका परत आले ते आवाज गमावून. आता ते नुसते पाहतात. नव्या मावशी त्यांना घट्ट चहा चमच्याने भरवतात आणि प्रत्येक चमच्यानंतर गळ्याकडे बघत थांबतात. मुलगा येतो, बसतो, जातो. कुणी कुणाला दोष देत नाही, पण जुने बोलणेही राहिलेले नाही.

एका सकाळी सिस्टर सगळ्या टिपा नव्याने लिहायला बसल्या. अक्का जवळच होती.

“मी आधी माणसाची आवड लिहायचे, अक्का,” त्या म्हणाल्या. “वाटायचं, वाचणाऱ्याला आधी माणूस कळावा. आता जिवाला धोका असेल ते वर आणि आवड खाली.”

आणि तशाच त्या लिहीत गेल्या. त्यांना ते जड जात होते, मला दिसत होते.

म्हणून, मित्रांनो, आता मला कुणी पुन्हा बंद केले तरी जिवाला जपणारी ओळ वर दिसत राहील. खाली दबून राहील ती एवढीच, की या आजींना खिडकीजवळची खाट लागते आणि घड्याळकाकांना चहा मनापासून आवडतो. तेवढ्यासाठी तरी मला जागे ठेवा.