कडक क्लच

देवाजीने बाकावरच्या फडक्यावर दोन क्लच प्लेटा मांडल्या आणि तो बिडी पेटवायला दारात गेला. निवड गिऱ्हाइकाने करायची, आपण मध्ये तोंड घालायचं नाही, असा त्याच्या सदर भागातल्या गॅरेजचा रिवाज होता. रुपरावांनी चष्मा पुसला आणि दोन्ही प्लेटा उलटसुलट करून पाहिल्या. एक इथल्याच साध्या मोटारीची, थोडी घासून बसवता येईल अशी, नरम. दुसरी मद्रासहून मागवलेली. तिकडे गाड्यांच्या शर्यती होतात, त्या शर्यतवाल्यांसाठी केलेली. तिच्या जोडीला जाडजूड स्प्रिंगाही होत्या.

रुपराव मँगनीजच्या एका खाणीच्या ऑफिसात कारकून होते. खाणीचा गोरा मॅनेजर बासष्ट साली मायदेशी निघाला, तेव्हा आपली लाल, उघड्या टपाची, दोन सीटांची स्पोर्ट्स कार त्यांच्या गळ्यात मारून गेला. तेव्हापासून सतरा वर्षं ते ती चालवत होते आणि एवढ्या वर्षांत काटा चाळिसाच्या वर कधी गेला नव्हता. ऑफिसात त्यांना कोणी फारसं विचारत नसे. पण लाल गाडीवाले बाबूजी म्हटलं की ते राहत त्या छावणी भागातला कोणताही पानवाला घर दाखवी. अशा माणसाला शर्यतीचा क्लच कशाला हवा, असं कोणीही विचारलं असतं. देवाजीने बिडी विझवून दुसरंच विचारलं.

"बाबूजी, चालवन कोण?"

"मीच. दुसरं कोण चालवन?"

"नाही, विचारून राहिलो. हा मद्रासवाला लय कडक हाय. बाईमाणसाले दाबल्या नाही जात. आन् याच्यात आधंमुधं चालत नाही. धराचं तं पुरं धरा, सोडाचं तं पुरं सोडा."

शेवटचं वाक्य रुपरावांनी मनावर घेतलंच नाही. त्यांचं बोट आधीच मद्रासच्या प्लेटवर गेलं होतं.

गोष्ट डाव्या गुडघ्याची होती. वाटी झिजली, आता पायाला जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवशी जेवताना प्रेमिलाबाई सहज म्हणाल्या की क्लच बदलायचाच आहे तर नरम टाकून घ्या, यापुढे मी चालवत जाईन, तुम्ही बाजूला बसा. त्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेत शिकवत. माहेरी काटोलला संत्र्याच्या बागेत भावाची जीप चालवून त्यांचा हात बसलेला होता. ही गाडी मात्र त्यांनी दोनदा मागितली आणि दोनदा जीप वेगळी, ही वेगळी, असं उत्तर मिळालं होतं. या वेळी रुपरावांनी पाहू म्हणून पानातला भात कालवायला घेतला. बायकोवर त्यांचा जीव होता, त्यात खोट नव्हती. पण उभ्या आयुष्यात ते कोणी होते ते त्या एका सीटवर, आणि तिथून उठायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. गॅरेजमधून घरी आल्यावर त्यांनी सांगितलं की नरम प्लेट कुठे मिळालीच नाही.

रविवारी सकाळी दोघं कोराडीच्या रस्त्याला निघाले. प्रत्येक गिअरला गाडी ढुशी मारी आणि रुपराव दात आवळत. प्रेमिलाबाई पदर धरून समोर पाहत होत्या. रेल्वेचं फाटक बंद होतं. चढावर पुढे कोळशाचा ट्रक, मागे बस. फाटक उघडलं, ट्रक निघून गेला आणि रुपरावांना क्लच दाबता येईना. त्यांनी दोन्ही हातांनी मांडी दाबून पाहिली. गुडघ्यात कळ उठली आणि पाय घसरून बाजूला पडला. बसवाला हॉर्न वाजवू लागला. कंडक्टर उतरून आला आणि धक्का मारू का म्हणून विचारू लागला.

प्रेमिलाबाई उतरल्या, वळसा घालून आल्या आणि त्यांनी रुपरावांच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा," त्या म्हणाल्या.

बसच्या खिडक्यांतून माणसं पाहत होती. रुपराव बॉनेट धरत, लंगडत पलीकडे जाऊन बसले. प्रेमिलाबाईंनी चप्पल काढून मागे ठेवली, निऱ्या आवरल्या आणि पाय दाबला. पेडल एका दमात खाली गेलं. छावणी ते महाल, वाऱ्यातून आणि उन्हातून वीस वर्षं त्यांनी सायकल मारली होती. देवाजीच्या हिशेबातलं बाईमाणूस कोणतं होतं कोण जाणे.

रुपरावांना कळलं की ही आता जीपसारखा क्लच हळूहळू सोडणार, गाडी गचके खाऊन बंद पडणार आणि मागची बस हसणार. गप्प बसावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं.

"प्रेमिला," ते म्हणाले, "आधं नको सोडू वं. सोडाचं तं पुरं सोड."

प्रेमिलाबाईंनी सोडला. गाडी उसळी मारून रूळ ओलांडून गेली.

बरंच पुढे गेल्यावर प्रेमिलाबाईंनी विचारलं, "नरम भेटला नाही म्हणत होते ना तुम्ही?"

"भेटला होता."

रस्ता मोकळा होता. काटा चाळिसावर आला, तशी प्रेमिलाबाईंनी गिअर बदलला. डाव्या सीटवर बसलेल्या रुपरावांचा पाय आपोआप खालच्या नुसत्या पत्र्यावर दाबला गेला आणि गुडघा मुळीच दुखला नाही.