पळसबनाचा पडदा

मित्रांनो, तिसरी आणि चौथीच्या मधे भिंतीऐवजी जो टांगलेला आहे, ज्याला तुम्ही शाईची बोटं पुसता, तो मी. दंडारीचा एक जुना पडदा. आज जरा बोटं आवरा आणि माझं ऐका.

माझं कापड गोंदियाच्या बाजारातून आलं. शिवून पहिल्यांदा अंगणात टांगलं, तेव्हा असा वारा सुटला की मी दोरीसकट उडून वैनगंगेपलीकडे एका बैलगाडीवर जाऊन बसलो. गाडीवान मला आभाळ समजून दोन-चार गावं हाकत राहिला. खोटं वाटत असेल तर वैनगंगेला विचारा, ती अजून तिथंच आहे. पण पुढचं जे सांगणार आहे, त्याला तिखटमीठ लावावं लागत नाही.

मला घडवलं भोजराज आणि अनुसया या नवराबायकोनं. तो पडदे रंगवी, ती दंडारीची गाणी रची. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते आणि रात्रभर गाण्यांचं नाटक चालतं, ती दंडार. दोघं आधी मोतीलालशेठच्या मंडळीत होती. पडदा भोजराजचा, गाणं अनुसयाचं आणि नाव मात्र शेठचं. चीनची लढाई झाली, त्याच्या पुढल्या वर्षी मंडई आटोपल्यावर दोघांनी मंडळी सोडली.

"सालभरात परत येशील गा भोजराज," शेठ पान चघळत म्हणाला. "तवा दारात उभं करू का नाही, पाहू."

"येत नाही जी," अनुसया म्हणाली. "पुढच्या मंडईले तुमीच या आमचा पडदा पाहाले."

ही त्या एका वर्षाची गोष्ट. हिवाळ्यात त्यांनी लालबर्ऱ्याच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. उन्हाळ्यात लग्नघरांच्या भिंतींवर त्यानं हत्ती-मोर काढले आणि तिनं नवरीच्या पाठवणीची गाणी करून दिली. कामाच्या कोपऱ्यात दोघांची नावं असत. अनुसयाचं नाव जरा मोठं निघे, कारण लिहिणारा भोजराज होता.

आता त्यांचं गुपित सांगतो. भोजराजला लाल आणि हिरवा सारखेच दिसत. टमाटर पिकलं की नाही, हे तो दाबून ओळखी. म्हणून रंग अनुसया करी. सरसाचा डिंक उकळून त्यात रंग घोटी आणि गाडगी ठरल्या जागी मांडी. हिरवं उजव्या हाताला, लाल डाव्या. तरी कुंचला बुडवण्याआधी तो विचारीच, "हाच ना वं?" आणि ती म्हणे, "हौ जी, हाच." त्या घरात दिवसभर हेच चाले.

पावसाळ्यात अनुसयाला हिवतापानं धरलं. ताप उतरे, पुन्हा चढे. इकडे दिवाळी तोंडावर आली. दंडार काढणाऱ्या पुनारामसाठी दोन पडदे ठरले होते, एक हिरव्या जंगलाचा, एक लाल खांबांच्या महालाचा. तिनं खाटेवरून उठून कसेबसे रंग घोटले, गाडगी मांडली आणि पुन्हा पडली.

शेजारची मैनाबाई भली बाई. या घरचं दिवाळीचं सारवण राहिलं म्हणून ती शेणाची बादली घेऊन आली. तिनं गाडगी उचलली, जमीन सारवली आणि वाळल्यावर गाडगी परत ठेवली. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. तिला बिचारीला काय ठाऊक?

अनुसया तापात झोपली होती. तिला उठवू नये म्हणून भोजराजनं त्या दिवशी विचारलंच नाही. उजव्या गाडग्यात कुंचला बुडवला आणि जंगल रंगवायला घेतलं. रंगवता रंगवता तो गाऊ लागला. गाणं तिचंच, सूर कोणाचाच नाही. संध्याकाळी तिचे डोळे उघडले, तर समोर मी. शेंड्यापासून बुडापर्यंत लालभडक जंगल.

"कसं झालं वं?" त्यानं विचारलं. "आज एकट्यानं केलं. एकदाबी तुले विचारलं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"लय चांगलं झालं जी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो बैलगाडी ठरवायला गेला, तेव्हा तिनं पुनारामला बोलावून घेतलं. मला पाहून तो हसत सुटला.

"वयनी, जंगलाले आग लागली का वं?"

"फागुन लागला," अनुसया म्हणाली. "पळस फुलला. गाणं बदलून देते, पडदा उघडला की तेच पयले म्हणजो. आन् ह्यायले काही सांगू नको."

तो गाणं पाठ करून गेला. मग ती भिंत धरून उठली, हिरव्यात बोट बुडवलं आणि माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक पान काढलं. एकच. धाप ओसरेपर्यंत तिथंच बसून राहिली.

मंडईत मी उघडलो, तेव्हा लोक हसण्याच्या बेतात होते. तेवढ्यात पुनारामनं पळसाचं गाणं उचललं; मागं दोरी धरून बसलेल्या भोजराजला वाटलं, अनुसयानं नवं गाणं दिलं असेल. गाणं संपलं, तरी टाळ्या थांबेनात. महालाचा पडदा राहूनच गेला होता, म्हणून त्या वर्षी राजानं दरबार जंगलातच भरवला. बिरश्याच्या जंगलातून एक वाघ येऊन पुढच्या रांगेत बसला होता, असंही मी सांगतो, पण कोणी मानत नाही. मोतीलालशेठ मात्र खरोखर आला होता. पहाटे तो भोजराजला म्हणाला, "असं पळसबन माझ्या मंडळीत कोणी नाही काढलं गा."

"कोणतं पळसबन?"

"हे लाल. दुसरं कोणतं?"

भोजराजनं मला गुंडाळून खांद्यावर घेतलं. तडक घराकडे निघाला. घरी पोचल्यावर दारातूनच त्यानं विचारलं, "लाल हाये?"

"हौ."

"मंग काहून नाही सांगितलं मले?"

"तुमी गाऊन राह्यले होते जी," ती म्हणाली. "तुमाले गाताना कधी ऐकलंच नव्हतं."

तो खाटेजवळ बसला. ती म्हणाली, "आणखी एक गोष्ट हाये. जेवल्यावर सांगते."

त्यानं चुलीवर भात ठेवला. भात शिजला, ताट वाढलं. ती उठली नाही.

शेठकडे तो परत गेला नाही, पण कुंचलाही पुन्हा धरला नाही. "हाच ना वं?" विचारणार कोणाला? मी पुनारामबरोबर गावोगाव फिरलो, पळसबन म्हणून नावाजलो. मग भिजलो, फाटलो, सरसाचा रंग ओघळला आणि कोणीतरी मला तुमच्या शाळेला देऊन टाकलं. ते पान मात्र टिकलं.

दर मंडईला एक वाकलेला माणूस वर्गात येऊन माझ्यासमोर उभा राहतो आणि तुम्ही खुदुखुदू हसता. तो भोजराज. ती जेवल्यावर काय सांगणार होती, हे त्याला अजून कळलेलं नाही. पान त्याच्या समोरच आहे, पण लालातलं हिरवं त्याला दिसत नाही. आणि माझं बोलणं मोठ्या माणसांना ऐकू जात नाही.

म्हणून, मित्रांनो, त्या कोपऱ्याला हात पुसू नका. पाण्यानं धुऊही नका, सरसाचा रंग लगेच निघतो. यंदा तो आला की त्याचं बोट धरा, त्याला खाली वाकवा आणि ते बोट अलगद पानावर ठेवा. इथे हिरवा आहे, असं सांगा. त्याचं पान अनुसयानं काढलं, असं सांगा. तो जुन्या सवयीनं विचारील, "हाच ना?"

तेव्हा गप्प राहू नका. म्हणा, "हौ जी, हाच."