खिशातले हात

बालविभागाच्या प्रमुख डॉक्टरांना सगळं इस्पितळ मोठ्या मॅडम म्हणायचं. नव्या नियमाचं नाव काढलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शिकाऊ बालरोगतज्ज्ञांचे नवजात कक्षातले महिने कमी करून त्यांना ओपीडीत जास्त बसवायचं, असा तो नियम. तरुण डॉक्टर म्हणत, बाहेर पडल्यावर सर्दी-तापच बघायचाय ना. मॅडम म्हणत, काठावर बसून कुणी पोहायला शिकतं का? एका तुकडीवर तो करून पाहिला होता; तो कायम करायचा का, यावर दुपारच्या बैठकीत त्यांना शेवटचं मत द्यायचं होतं.

नेमकी त्याच सकाळी त्यांची लेक बाळंतपणाला तिथेच दाखल झाली. आपल्या माणसावर आपण उपचार करायचे नाहीत, हा शिरस्ता मॅडमनीच घालून दिलेला. आता बोलणार कुणाला? बाळाला घ्यायला उभी होती नव्या नियमाच्या पहिल्या तुकडीतली शिकाऊ डॉक्टर, जिला सगळे चिमणी म्हणत.

बाळ आलं ते निळसर आणि गप्प. मॅडमचे हात आपोआप पुढे निघाले, ते त्यांनी एप्रनच्या खिशात कोंबले. चिमणीने बाळाला पुसलं, तोंडावर मास्क धरला आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबू लागली. छाती हलेना. अगं, मान बघ, हे मॅडमच्या अगदी ओठावर आलं होतं, तेवढ्यात चिमणीनेच मान नीट केली, मास्क पुन्हा बसवला. छाती वर आली. थोड्याच वेळात नातीने असा टाहो फोडला की मॅडमचा जीव भांड्यात पडला. लेकीपेक्षा त्याच जास्त रडल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी चिमणीच्या पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, आमच्या हाताखाली तयार झालीस हो.

चिमणी चाचरली. "मॅडम, रागावू नका. हे मी आज पहिल्यांदाच एकटीने केलं. एरवी मी मास्क उचलला की तुम्ही काढून घेता."

पाठीवरचा हात मॅडमनी हळूच मागे घेतला.

बैठकीत आता वीज कोसळणार म्हणून सगळे सावरून बसले होते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "महिने तुम्ही ठरवा. माझं एकच म्हणणं आहे. पोरं काम करत असताना मोठ्यांनी हात खिशात ठेवायचे."

"आणि गरज पडली तर?" कुणीतरी विचारलं.

"तर काढायचे. पण आधी खिशात असू देत."

एवढं बोलून त्या नातीला घ्यायला निघाल्या. जिन्यातच त्यांनी दोन्ही हात खिशातून बाहेर काढले.