मागून येणारी चंपा

“अगं ए, कुणाच्या वरातीला निघालीयस का?” राघो शिगवण मागून ओरडला.

चंपा थांबली, वळली आणि जागच्या जागी पाय हलवत उभी राहिली. हे जागच्या जागी पाय हलवणं तर राघोच्या अगदी डोक्यात जायचं. थांबायचं तर माणसासारखं थांबावं.

“हळूच तर चालतेय,” ती म्हणाली.

“हे हळू?”

“बरं, तुम्ही व्हा पुढे. मी येते मागनं.”

हे त्याला जास्तच झोंबलं. जेसल पार्कच्या खाडीकाठच्या रस्त्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या अर्ध्या लोकांनी ते ऐकलं असणार, असं त्याला वाटलं. तो मान खाली घालून तिच्या पुढे गेला. मागे तिची पावलं मुद्दाम सावकाश पडत होती, आणि ती मुद्दाम सावकाश पडताहेत हे त्याला ऐकू येत होतं.

लग्न झाल्यापासून राघो पुढे आणि चंपा मागे, हाच घरचा शिरस्ता. बाजाराला निघाले की राघो हात हलवत पुढे आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चंपा मागे. केबिन रोडच्या कोपऱ्यावर तो कमरेवर हात ठेवून तिची वाट बघायचा आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “आली आमची गोगलगाय!” चंपा हसायची. तिला साखरेचा आजार, गुडघे दुखायचे, दोन जिने चढली की धाप लागायची. राघो मात्र गुहागरकडचा जुना कबड्डीवाला. पन्नाशी उलटली तरी चढाईला निघाल्यासारखाच चालायचा.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनपुढे उभा असताना त्याच्या डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं. मेंदूत रक्तस्राव. कवटी उघडून ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वाचलात हेच खूप. मग एकेक करत हात आला, पाय आला, बोलणं आलं. डोक्यावर केससुद्धा आले. आला नाही तो फक्त दम.

आणि हा थकवा मैदानातला नव्हता. तो थकवा झोपलं की उतरायचा. याचं काही सांगता येत नसे. दोन माणसं एकदम बोलली, शेजारच्यांनी टीव्ही मोठा केला, तेवढ्यावरही राघोची बत्ती गुल. लोडशेडिंगला निदान टाइमटेबल तरी असायचं, याला तेही नव्हतं. वर पुन्हा लोक म्हणायचे, “अरे वा, दिसताय तर ठणठणीत!” त्यांना काय दाखवणार? थकवा काय प्लास्टर आहे, हातावर दिसायला?

व्यायाम शिकवणाऱ्या स्वातीने त्याला बजावलं होतं, “काका, थकल्यावर बसायचं नाही. थकायच्या आधी बसायचं. एका वेळी एकच काम. आणि रोज थोडं थोडं चालायचं. काकू, तुम्ही पण जा हां बरोबर, एकटं नका सोडू.”

इथेच घोटाळा झाला. औषध सांगितलं राघोला आणि लागू पडलं चंपाला.

महिन्याभरात तिचे ब्लाउज ढिले झाले. मग साखर उतरली, गुडघे कुरकुरायचे थांबले. जिने ती आता बोलत बोलत चढायची. राघो कठड्याला धरून मधल्या वळणावर उभा असायचा आणि ती वरून विचारायची, “येऊ का खाली?” शेजारच्या जागृतीबेन तर तिच्यावर खूश. “भाभी, आप तो एकदम पतली हो गयी! क्या खाती हो?” मग राघोकडे बघून, “भाईसाब, आपका भी धीरे धीरे हो जायेगा.”

धीरे धीरे! राघोचा नुसता जळफळाट व्हायचा. आजार माझा, टाके माझ्या डोक्यात, आणि अंग हिचं सुधारतंय. हीच बाई आपल्याला रोज उठवते, औषध देते, हात धरून रस्त्यापलीकडे नेते, हे त्याला कळत होतं. पण कळलं म्हणून जळायचं थोडंच थांबतं?

अशातच त्याला एक युक्ती सापडली. एका सकाळी तो खरोखर थकून बाकावर बसला तेव्हा चंपाही निमूट शेजारी बसली. दुसऱ्या सकाळी ती जरा रंगात येऊन झपाझप चालायला लागली तेव्हा तो म्हणाला, “बसूया. गळून गेल्यासारखं होतंय.” तसं काही होत नव्हतं. ती बसली. जो थकवा कुणाला दिसत नाही म्हणून तो चिडायचा, तोच आता कामाला आला. त्यानंतर चंपाने वेग घेतला की राघोला बाक दिसू लागला.

मार्चमध्ये महिला दिनाला इथल्या महिला मंडळाने जलद चालण्याची स्पर्धा ठेवली, पंचेचाळिशीच्या वरच्या बायकांसाठी. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर. जागृतीबेनने परस्पर चंपाचं नाव दिलं. चंपा आधी लाजली, मग केबिन रोडवर जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आली. जन्मात कधी तिने बूट घातले नव्हते. आठवडाभर ती ते घालून घरात फिरत होती, पोळ्या लाटतानासुद्धा.

“कुकर आहे की आपल्याकडे,” राघो म्हणाला.

“कुकरसाठी कोण जातंय?” चंपा म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी राघो उठलाच नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “आज काही खरं नाही. अंगात त्राणच नाही. मला एकट्याला टाकून जाऊ नको.”

चंपा बुटांची पिशवी घेऊन तयार होती. ती पलंगाच्या कडेवर बसली. तिने त्याचा खांदा धरून त्याला आपल्याकडे वळवलं आणि बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

“तुम्ही खरंच थकलात ना, की तुमची डावी पापणी खाली येते,” ती म्हणाली. “हॉस्पिटलात असल्यापासनं बघतेय मी. आज दोन्ही डोळे टक्क उघडे आहेत.”

राघोने पांघरूण नाकापर्यंत ओढलं.

“बाकावर बसायचात तेव्हा पण टक्कच असायचे. बरेचदा.”

“मग बसायचीस कशाला?”

“तुम्ही बस म्हणालात म्हणून.” आवाजात राग नव्हता. राग असता तर राघोला बरं वाटलं असतं. ती उठली. “येताय? का जाऊ मी एकटी?”

तो उठला. शर्ट घातला.

मैदानावर मंडप होता, बँड होता, आणि मंडळाच्या रीमा मॅडम माइकवरून एकसारख्या बोलत होत्या. चंपाने राघोला सुरुवातीच्या रेषेजवळच्या खुर्चीवर सावलीत बसवलं, बूट चढवले आणि काढलेल्या चपला त्याच्या हातात दिल्या. “सांभाळा. नायतर जातील.” आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्या चपला धरून बसला होता. अंगठ्याजवळ त्या झिजून पार पातळ झाल्या होत्या.

लाउडस्पीकर अगदी कानाजवळ होता. थोड्या वेळातच राघोच्या डोक्यात कापूस भरत गेल्यासारखं झालं. आवाज लांबून येऊ लागले. हा थकवा खरा होता. त्याला समोरचं अर्धंच दिसायला लागलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पापणी खाली आलीय.

रेषेवर उभी असलेली चंपा वळून त्याच्याकडेच बघत होती.

हिला दिसलं तर ही रेषा सोडून येणार. घरी नेणार, पाणी देणार, आणि बूट पिशवीत घालून ठेवणार. एक शब्दही बोलणार नाही. राघोने पटकन डोक्याला हात लावल्यासारखं केलं आणि बोटाने पापणी वर धरली. दुसऱ्या हाताने तिला जा जा अशी खूण केली.

शिट्टी वाजली. चंपा निघाली. मैदानाला तीन फेऱ्या होत्या. प्रत्येक वेळी समोरून जाताना ती त्याच्याकडे बघायची आणि प्रत्येक वेळी राघोचं बोट पापणीवर असायचं. पदर कमरेला खोचून, कोपरं मागे टाकत ती एकेका बाईला मागे टाकत होती. काय ती ऐट! राघो जळत होताच. अशी चाल या बाईच्या पायांत होती तर इतकी वर्षं ती गेली कुठे होती?

मंडळाचा एक पोरगेला माणूस त्याच्याजवळ वाकला. “काका, बरं वाटत नाहीये का? आत चला, पंखा आहे.”

“थांब जरा,” राघो म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. “आधी तिला पुढे जाऊ दे.”

शेवटच्या फेरीला चंपा त्याच्यासमोरून गेली आणि मंडपाच्या पलीकडे वळली. आता रेषेवर परत येईपर्यंत तिला तो दिसणार नव्हता. राघोने पापणीवरचं बोट काढलं, डोळे मिटले आणि चपला दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरून बसला.