एरंडेलाचं वंगण

मी एक जुना टेन्शनर आहे, मित्रांनो. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. मोटारीचं बाहेरचं चाक सगळ्यांना दिसतं, त्याला लिंबू-मिरची मिळते, दसऱ्याला हार मिळतो. मी मात्र इंजिनाच्या कुशीत, झाकणाआड बसणारं मुठीएवढं चाक. आज मी भोकरजवळच्या एका गावात, अण्णाराव नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात खिळ्याला टांगलेला आहे. शेजारच्या खिळ्यावर पूर्वी बैलगाडीच्या वंगणाचं नळकांडं असायचं. ते आता तिथे नाही. मी इथे कसा आलो आणि ते कुठे गेलं, हे मला मान खाली घालूनच सांगावं लागेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोटात बारीक गोळ्यांचं बेअरिंग, पाठीशी घट्ट स्प्रिंग. इंजिनात दात्यांचा एक रबरी पट्टा असतो, त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. खालचा दांडा फिरला की या पट्ट्याच्या जोरावर वरचा दांडा फिरतो. खालच्याने पिस्टन वरखाली होतात, वरच्याने झडपा उघडमीट करतात, आणि दोघांचा ताल एकच राहावा लागतो. ताल चुकला तर उघड्या झडपेवर पिस्टन आदळतो आणि इंजिनाचं वाटोळं होतं. पट्टा ढिला पडू नये म्हणून त्याला ताणून धरायचं, एवढंच माझं काम. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: आमच्या त्या घरात तेलाला बंदी असते. पट्टा कोरडा असेल तरच शहाण्यासारखा वागतो.

माझी मोटार दिसायला लहान, पण पळायला वाघीण. तिचा पहिला मालक शहरातला होता. त्याच्याकडून ती जुनी म्हणून घेतली सृष्टीने, म्हणजे अण्णारावांच्या लेकीने. ती नांदेडला नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी मातीच्या वाटांवर मोटार पळवायचा सराव करायची. बापाला तिचा भारी अभिमान. ते स्वतः तरुणपणी शंकरपटात बैलजोडी पळवायचे. "आमच्या रक्तातच हाय पळणं," असं ते पारावर बसून सांगायचे आणि ऐकणाऱ्याला उठू द्यायचे नाहीत.

मोटारीची देखभाल मोहसीनकडे होती. नांदेडला देगलूर नाक्याजवळ त्याचं गॅरेज आहे. त्याच्या आजोबांपासून त्या घरात हत्यारं चालत आलेली. सृष्टी त्याला चाचा म्हणायची. लातूरजवळच्या माळावर मोठी शर्यत ठरली, तेव्हा मोहसीनने इंजिन उघडून नवा पट्टा घातला. मला बोटाने फिरवून, कानाला लावून पाहिलं. माझं बेअरिंग थोडं कोरडं झालं होतं, मी किर्र करायचो.

"आवाज करून राहिला जरासा, पण पकड पक्की हाय ह्याची," तो म्हणाला. "नवा मागवलाय बेटा. शर्यत झाली की बदलू. तोवर ह्याच्या किरकिरीकडं ध्यान देऊ नको."

सृष्टीने ध्यान दिलं नाही. पण ती बापाला घ्यायला गावी आली आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी मोटार चालू केली, तेव्हा माझी किर्र अण्णारावांच्या कानावर पडली. ती आंघोळीला गेली आणि ते मोटारीभोवती घिरट्या घालू लागले. त्यांच्या पिढीत एक रीत होती, मित्रांनो. पटाला निघण्याआधी गाडीच्या आसाला वंगण घालायचं, आणि तेही घरच्या माणसाच्या हातानं. गड्याच्या हातचं वंगण चालायचं नाही. अण्णाराव गोठ्यात गेले, एरंडेलाचं नळकांडं घेऊन आले. आवाजाचा माग काढत त्यांनी पट्ट्याचं वरचं झाकण शोधलं. त्याचा एक खटका त्यांच्या हातून तुटला, पण त्यांना वाटलं, ते असंच असेल.

दारातून लक्ष्मीबाई, त्यांची बायको, म्हणाली, "अवो, कशाला हात लावता? तिला इचारा तरी."

"इचारायचं काय त्यात? लेकराच्या गाडीला बापानं वंगण न्हाई घालायचं तर कुणी?"

आणि त्यांनी धार सोडली. ती पट्ट्यावरून ओघळत माझ्या अंगावर आली, बेअरिंगात मुरली, आणि माझी किर्र थांबली. अण्णारावांनी मला बोटाने थोपटलं. "शाब्बास रे गड्या," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत मला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं, मित्रांनो. त्या बरं वाटण्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. बंदी असलेलं तेल अंगावर घेऊन मी खूश झालो होतो.

माळावर एकेकट्या मोटारीने घड्याळाशी झुंजायचं होतं, आणि फेऱ्या दोन. पहिल्या फेरीत सृष्टीने अशी वळणं घेतली की एका मोठ्या संघाचे लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. ते चालक निवडायला आले होते. अण्णारावांनी फेटा उडवला. "कोण हाय ते माहीत हाय का? माझी पोरगी हाय!" ते दिसेल त्याला सांगत सुटले.

इकडे तुटक्या खटक्याच्या फटीतून माळाची धूळ आत येत होती. ती एरंडेलात कालवली जाऊन पट्ट्याच्या दात्यांत थापली गेली. दुसऱ्या फेरीत सृष्टीने जोर केला आणि पट्टा सरकायला लागला. मी जीव खाऊन ताणून धरत होतो, पण निसरडं झालेलं कोण धरणार? पट्ट्याने दाते सोडले. आत झडपा आणि पिस्टन यांची टक्कर झाली, तो आवाज माळभर ऐकू गेला. मोटार धुळीत उभी राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी मोहसीनने गॅरेजात झाकण काढलं. आत सगळा काळा चिकट चिखल. सृष्टीचे डोळे रडून सुजले होते. तिला तेल दिसलं आणि तिने तिथेच ठरवून टाकलं.

"चाचा, तुम्ही घातलेलं तेल अडवायचं सील गळलं. एवढा भरवसा ठेवला होता मी तुमच्यावर!"

मोहसीनने तो चिखल बोटावर घेतला. नाकाशी नेला. मग त्याने मान वळवली आणि मागे उभ्या असलेल्या अण्णारावांकडे एकदा पाहिलं. अण्णारावांनी दोन्ही हात धोतराच्या सोग्यात लपवले.

"असंल बेटा," मोहसीन म्हणाला. "माझ्याच हातचं काम हाय. मी नीट करून देतो."

पोरगी रडत होती, गिऱ्हाइकं बघत होती, आणि कालच अण्णारावांनी माळावर छाती फुगवून साऱ्यांना सांगितलं होतं. त्यांना वाटलं, आज नको, उद्या सांगू. उद्याचं परवावर गेलं. घरी जेवण जाईना. लक्ष्मीबाई ताट उचलताना एवढंच म्हणाली, "मला तोंड दाखवून काय होतंय? ज्याला दाखवायचं त्याला दाखवा."

मग भोकरच्या बाजारात श्रीमंत नावाचा त्यांचा जुना सोबती भेटला. त्याला आपली जीप दुरुस्तीला न्यायची होती. "मोहसीनकडं न्यायची न्हाई म्हणतेत लोकं. त्यानंच तुझ्या पोरीची गाडी खाल्ली म्हणं. खरं हाय का?"

आणि अण्णारावांनी मान हलवली. हो म्हणून. आपोआप हलली, असं ते पुढे सांगत, पण मान आपोआप हलत नसते. गप्प राहणं वेगळं आणि मान हलवणं वेगळं. त्या दिवशी ते बाजार न करताच घरी आले आणि नळकांड्याकडे बघत गोठ्यात बसून राहिले.

मी तेव्हा गॅरेजातल्या एका ट्रेमध्ये पडून होतो; घरचं आणि बाजारातलं हे मला पुढे गोठ्यात अण्णारावांच्याच तोंडून कळलं. मोहसीनच्या दारात पूर्वी गाड्यांची रांग असायची, आता कुत्रं आरामात झोपायचं. सृष्टी ट्रक घेऊन आली. मोटार लातूरला दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायची होती. मोहसीन स्वतःच दोर बांधायला लागला. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं बघत होती. तेवढ्यात अण्णाराव रिक्षातून उतरले. त्यांच्या पिशवीत ते नळकांडं होतं. त्यांनी ते सगळ्यांदेखत मोहसीनच्या बाकावर ठेवलं.

"सोड तो दोर," ते म्हणाले. मग टपरीकडे वळले. "ऐका रे सगळे. ह्याच्या सीलाला काही झालं न्हाई. तेल म्या ओतलं. पोरीच्या गाडीला वंगण म्हणून म्या एरंडेल ओतलं, आन् आळ ह्याच्यावर आला तवा तोंड दाबून बसलो. बाजारात इचारलं तर व्हय म्हणलो. असा माणूस हाय मी."

सृष्टीला बापाचा राग आला होता, पण तो कुठे ठेवावा हे तिला कळेना, कारण तिनेही एका प्रामाणिक माणसाला चारचौघांत बोल लावला होता. ती मोहसीनसमोर आली. "चाचा," एवढंच म्हणाली आणि तिची मान खाली गेली.

"मला पहिल्याच दिवशी वासावरून कळलं होतं," मोहसीन हळू बोलला. "आमच्या दादाची, आजोबाची, पण बैलबंडी होती. तिला एरंडेलच लागायचं."

"मग बोलला का न्हाईस बाबा?" अण्णारावांनी विचारलं.

"लेकीसमोर बापाचं नाव घ्यायला जीभ रेटली न्हाई, अण्णा. वाटलं, तुम्हीच बोलताल. वाट बघत होतो."

अण्णाराव बाकावर बसले आणि फेट्याच्या शेवाने डोळे पुसू लागले. सृष्टीने स्वतःच्या हाताने दोर सोडला. मोटार मोहसीनकडेच राहिली. नळकांडं अण्णारावांनी परत नेलं नाही. त्यांनी फक्त मला मागून घेतलं.

मित्रांनो, घरातलं यंत्र कुरकुरलं तर त्याची दखल जरूर घ्या, पण माया करायच्या आधी जाणत्याला विचारा. नुसत्या मायेने यंत्र चालत नाही. आणि हातून काही बिघडलंच, तर आपल्या वाटची मान दुसऱ्याला खाली घालायला लावू नका. सृष्टीची ती शर्यत गेली, ती काही परत यायची नाही. मोहसीनच्या दारात गाड्या यायला लागल्यात, पहिली आली ती श्रीमंतची जीप, आणि ती आणली अण्णारावांनीच.

रोज सकाळी ते गोठ्यात येतात, बैलांना वैरण टाकतात आणि जाता जाता मला बोटाने एकदा फिरवतात. त्यांच्या हातचं एरंडेल कधीच वाळून गेलंय. मी पुन्हा किर्र करतो. ते उभे राहून ती किर्र शेवटपर्यंत ऐकतात. तेल लावत नाहीत.