पालखीचा पुढला उजवा खांदा

मी पालखी बोलतेय. कोंडधारच्या काळकाईची. मला बोलताना आजवर कोणी ऐकलेलं नाही. मी निघाले की ढोल वाजत असतात, आणि ढोल नसतील तेव्हा माणसंच एवढी बोलतात की मला मध्ये पडता येत नाही.

कोंडधार माणगावच्या उगवतीला, डोंगराच्या वरच्या टप्प्यावर. वर जंगल, खाली भातखाचरं, आणि मधे एक पायवाट. जायचं-यायचं ते त्या वाटेनंच. माणगावचा बाजार, दवाखाना, मुंबईची गाडी, सगळं त्या वाटेच्या खालच्या टोकाला.

देश स्वतंत्र झाला त्या सालची मी. आधीच्या पालखीला वाळवी लागली होती, म्हणून गावानं श्रीवर्धनहून दिनानाथ सुतार आणवला. अंगाला फणस आणि दांड्याला साग वापरून त्यानं मला घडवलं. तो सुपारीच्या वाड्यांतला माणूस, म्हणून माझ्या चारी खांबांवर त्यानं सुपारीचे घोस कोरले. डोंगरात सुपारी कोणी पाहिलेली नव्हती. म्हाताऱ्या बायका त्यांना बोरं म्हणत आणि हात लावून कपाळाला लावत. दिनानाथनं दोनदा समजावून सांगितलं, मग नाद सोडला.

माझं काम सोपं होतं. शिमग्याला देवीचा मुखवटा माझ्यात बसायचा, घरोघर जायचा, आणि गडी मला खांद्यावर घेऊन नाचवायचे. देवी हलकी आहे. चांदीचा मुखवटा, एक लुगडं आणि फुलं, एवढंच वजन. शिमगा झाला की मला देवळाच्या तुळयांना दोरानं टांगून ठेवत. तिथे वटवाघळं होती. त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही.

मला उचलण्याचे मान ठरलेले होते. पुढला उजवा खांदा चांगदेवच्या घराण्याचा, डावा येसाजीच्या. येसाजीच्या आज्याचं म्हणणं असं की उजवा मुळात त्यांचाच. या एका गोष्टीवरून दोन घरांत लग्नं होत नव्हती. दर शिमग्याला मी निघायच्या आधी तासभर हा वाद व्हायचा. आत बसलेली देवी काही बोलायची नाही, म्हणून मीही कधी बोलले नाही.

माणूस आजारी पडला तर त्याला मात्र घोंगडीत नेत. घोंगडीची दोन टोकं बांबूला बांधायची, मधे माणूस, आणि दोन गडी पुढेमागे. माणूस आत बोचक्यासारखा दुमडायचा. तिथे पुढला खांदा कोणाचा, यावरून कधीही भांडण झालं नाही. उलट ज्याला हाक मारावी त्याला शेतावर काम निघायचं.

मला घडवल्यानंतर काही वर्षांनी, ऐन श्रावणात, काशी अडली.

काशी सदूची बायको. सदू मुंबईत गिरणीत होता. तिचं पहिलं बाळंतपण. माहेरी न्यायचं तर माहेर नदीपलीकडे आणि नदी भरलेली, म्हणून ती सासरीच राहिली होती. गावची सुईण मनुबाई रात्रभर तिच्यापाशी बसली. सकाळी ती बाहेर आली, हात धुतले आणि म्हणाली, "पोर आडवं हाय. माज्या हाताबाहेरचं हाय. माणगावला न्या."

लोकांनी घोंगडी आणली. मनुबाईनं ती फेकून दिली. "पोटाशी घडी घालून नेताव काय तिला? दोघंबी मरतील. निजवून न्यायला पायजे."

निजवून न्यायला गावात एकच गोष्ट होती, आणि ती वटवाघळांच्या खाली टांगलेली होती.

हे सुचलं अंबाजी गुरवाला. अंबाजी काळकाईचा पुजारी, किडकिडीत माणूस, बोलताना जमिनीकडे बघणारा. तो देवळात आला आणि माझा दोर सोडू लागला. तेवढ्यात चांगदेव पोचला, त्याच्यामागे येसाजी, आणि त्यांच्यामागे घरी असलेलं सगळं गाव.

"गुरवा, डोकं फिरलंय तुजं?" चांगदेव म्हणाला. "बाळंतिणीचा इटाळ देवीच्या गादीला?"

"गादी काढून ठेवतो."

"पालखी तीच ऱ्हाते ना?"

येसाजीनं मान हलवली. चांगदेवच्या बोलण्याला त्यानं मान हलवलेली गावानं पहिल्यांदाच पाहिली.

मग कौल लावायचं ठरलं. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. अंबाजीनं फुलं लावली आणि सगळे हात जोडून उभे राहिले. श्रावण होता. भिंतीला पाणी सुटलेलं, मूर्तीला पाणी सुटलेलं. फुलं जी चिकटली ती चिकटलीच. उजवं पडेना, डावं पडेना. खालच्या घरातून काशीचा आवाज येत होता. गुरं रानात निघाली तेव्हा फुलं लावली होती, आणि घरोघरची पेज निवून गेली तरी ती जागच्या जागी होती.

मनुबाई देवळाच्या पायरीपाशी आली. "झाला का देवीचा इचार?"

अंबाजी गुरव वळला. मी त्याला एवढ्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"काळकाईला आपन काय म्हनतो? आई म्हनतो ना? मंग काशी तिची लेक. लेकीला पयल्या बाळंतपनाला आईनं न्यायचं न्हाय, तर कोनी न्यायचं? हे इचारायला कौल कशाला लागतो?"

अंबाजीनं मला खाली घेतलं, गादी उलटी केली आणि चांगदेवकडे बघितलं. "पुढला उजवा खांदा तुजा हाय. येत नसशील तर येसाजी उजवीकडं येईल."

येसाजी एक पाऊल पुढे सरकला.

चांगदेवनं डोक्यावरचं फडकं काढून खांद्यावर ठेवलं आणि तो माझ्या दांड्याखाली शिरला. त्या क्षणी तो देवीसाठी शिरला, काशीसाठी शिरला की येसाजीसाठी, हे मला सांगता येणार नाही. खांदा मात्र पक्का लागला.

काशी देवीपेक्षा पुष्कळ जड होती. शिवाय ती बोलत होती. देवी माझ्यात बसून कधी कोणाला शिव्या देत नाही. काशीनं सदूला दिल्या, त्याच्या गिरणीला दिल्या, चांगदेवला दिल्या, आणि एका उतारावर काळकाईलाही दिल्या. मागून चालणाऱ्या अंबाजीनं फक्त म्हटलं, "दे, पोरी. आईच हाय ती."

मनुबाई शेजारून चालत होती. स्वतःचं इरलं तिनं काशीवर धरलं होतं आणि आपण भिजत होती. वाट निसरडी होती, तरी मी हिंदकळले नाही. कारण साधं होतं. ज्या चौघांनी वर्षानुवर्षं मला नाचवलं होतं, त्यांना एकमेकांचे पाय पाठ होते. पालखी कशी नाचते हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती कशी नाचू द्यायची नाही हे कळतं. ओढ्याला छातीइतकं पाणी होतं. चौघांनी मला डोक्यावर घेतलं. मधोमध येसाजीचा पाय सटकला. चांगदेवनं एका हातानं दांडा धरला आणि दुसऱ्यानं येसाजीचं मनगट. पलीकडे गेल्यावर दोघांनी आपापला खांदा पुन्हा लावला.

माणगावात बाजारपेठेतून जाताना दुकानदार बाहेर आले. पालखी दिसली म्हणून त्यांनी हात जोडले. आत देवी नसून कळा देणारी बाई आहे हे त्यांना जवळ आल्यावर दिसलं. पण जोडलेले हात खाली घेणं बरं दिसत नाही. म्हणून सगळे तसेच हात जोडून उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं तर नारळही वाढवला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काशीला आत घेतलं. मी बाहेर पडवीत राहिले. चौघे माझ्याशेजारी उकिडवे बसले, कोणी विडीसुद्धा पेटवली नाही.

बऱ्याच वेळानं डॉक्टर आले. "बाई वाचली," ते म्हणाले. "मूल नाही वाचलं. थोडं आधी आणायला हवं होतं."

चांगदेव आपल्या भिजलेल्या खांद्याकडे बघत राहिला. अंबाजी नेहमीसारखा जमिनीकडे बघत होता.

कळल्यावर सदू मुंबईहून आला. तो देवळात आला, माझ्या दांड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि परत गेला. त्याला काय बोलायचं होतं ते मला कळलं नाही, त्यालाही कळलं नसावं.

सुतक फिटल्यावर देवळात बैठक बसली. काही जण म्हणाले, देवी कोपली, म्हणून मूल गेलं. काही म्हणाले, पालखी बाटली, ती विसर्जन करा. अंबाजीकडून पूजा काढून घ्या, असंही कोणी म्हणालं. चांगदेव काही बोलत नव्हता, आणि त्याचं न बोलणं लोक आपापल्या बाजूचं समजत होते.

काशी पायरीशी उभी होती. बैठकीत बायका बोलत नसत. तिचा चेहरा अजून पिवळा होता. ती म्हणाली, "मी बोलते."

कोणी नाही म्हणायच्या आत ती बोलू लागली.

"माजं पोर पालखीनं न्हाय गेलं. उशिरानं गेलं. तुमी फुलाकडं बघत उभं व्हतात, मला आत ऐकू येत व्हतं. मी कुनाला शाप देत न्हाय. देवीलाबी न्हाय. पन पालखी आता वर टांगू नका. हितं दारात ठेवा. आनि उद्या कुनाला न्यायचं झालं, तर पयली उचला. वाद घालायचा तो वाटेनं चालताना घाला."

मग चांगदेव उठला, माझा दोर तुळईवरून सोडला, गुंडाळला आणि घरी घेऊन गेला. बहुधा गुराला बांधायला.

तेव्हापासून मी दाराशी असते. आणि गावाचा नियम तोच झाला. नंतरच्या वर्षांत मी पुष्कळ माणसं नेली. झाडावरून पडलेली, तापानं फणफणलेली, अडलेल्या बायका. कातकरवाडीतल्या राहीला नेताना तर अर्ध्या वाटेपर्यंत खडाजंगी झाली, तिला पालखीत बसवावं की नाही यावरून. पण ती चालता चालता झाली. मुद्दा संपेपर्यंत माणगाव आलं होतं. राही परत आली ती मुलगी घेऊन. कितीतरी जण परत आले, काही नाही आले. दर वेळी उचलताना अंबाजी शिमग्यासारखीच आरोळी द्यायचा, "काळकाईच्या नावानं!" आणि खांदे लागायचे. देवळात पूजा अर्धी राहिली असेल तर तो ती अर्धीच सोडायचा. देवी थांबते, असं तो म्हणायचा, तिला कुठं जायचंय?

पुढे मुंबईत गेलेल्या गावकऱ्यांनी नवी पालखी पाठवली. पितळी पत्र्याची, झालरीची. देवी आता शिमग्याला तिच्यात बसते. मला वाईट वाटलं, लाकडाला वाटायचं तितकं. चांगदेव नव्या पालखीभोवती फिरला, दांड्याला खांदा लावून पाहिला आणि म्हणाला, "चांगली हाय. नाचवायला."

एकेक करून गडी मुंबईला गेले. येसाजीचे मुलगे गेले, मग चांगदेवचे. शिमग्याला सगळे हजर, पण एरवी गावात म्हातारे, मुलं आणि बायका. अशाच एका भातकापणीच्या दिवशी अंबाजी गुरवाला पेंढीखालून फुरसं चावलं.

काशी शेजारच्या खाचरात होती. ती देवळाकडे धावली, मागून तिच्याबरोबर कापणीला आलेल्या गोदू आणि मैना. तिघींनी मला दारातून ओढलं. येसाजी धापा टाकत आला. चांगदेव लंगडत आला. त्याचा गुडघा गेल्या पावसापासून धरला होता.

अंबाजी मात्र बसेना. ज्यानं गावातल्या निम्म्या माणसांना माझ्यात बसवलं, तो स्वतः मागे सरू लागला. "मी चालतो. आईची जागा हाय ती."

"गुरवबाबा, पाय हालला तर इख चढंल," काशी म्हणाली. "बसा म्हंते ना."

"माजा पाय लागंल आईला."

"लागू द्या. तिला काय कोपायचं पडलेलं न्हाय." तिनं त्याला उचलूनच आत ठेवलं. अंबाजीचं वजन फारसं नव्हतं. देवीपेक्षा थोडं जास्त.

डावीकडे येसाजी लागला, मागे गोदू आणि मैना. पुढचा उजवा खांदा रिकामा होता. बायकांनी देवीच्या पालखीला खांदा दिल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. चांगदेव त्या जागेवर उभा राहिला. त्यानं एकदा आपल्या गुडघ्याकडे बघितलं, एकदा उताराकडे. त्याच्या घराण्यात हा मान माणूस मेल्यावरच सुटायचा.

त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, घडी केली आणि काशीच्या खांद्यावर ठेवलं.

"दांडा मानंजवळ घेऊ नको," तो म्हणाला. "हाडावर घे. उतारावर टाच आधी टाक."

"व्हय."

"आनि येसाजी घाई करतो. त्याला करू देऊ नको."

"मी कवा घाई केली?" येसाजी म्हणाला. पण तोवर आम्ही चालू लागलो होतो, म्हणून हा वाद नियमात बसला. आरोळी कोणी द्यायची हे ठरलं नव्हतं. ती काशीनं दिली.

चांगदेव आमच्या मागून येत राहिला. त्याला ओढ्यापर्यंतच येता आलं.

अंबाजी वाचला. डॉक्टरांनी सुई दिली, पायाची दोन बोटं काढली. आता पूजेला तो जरा तिरका उभा राहतो. देवीला ते चालत असावं.

आता पायथ्याच्या गावापर्यंत रस्ता आला आहे. पाऊस नसेल तेव्हा एस.टी. येते. ती डोंगर चढत नाही, म्हणून मी अजून कामावर आहे. माझा एक खांब सैल झालाय, दांडा एकदा चिरला म्हणून लोखंडी पट्टी मारली आहे. दर पावसाआधी काशी मला उंडीचं तेल लावते. तेल लावताना ती गात नाही, बोलत नाही. कधी कधी माझ्या तळाच्या फळीवर, जिथे पाठ टेकते तिथे, तळहात ठेवून बसते. मग उठून कामाला जाते.

वाचकहो, माझं सांगून झालं. एक विनंती तेवढी आहे. तुमच्या गावच्या देवळात पालखी असेलच. शिमगा, जत्रा संपल्यावर ती नुसतीच असेल. कधी वेळ पडली तर तिच्यात माणूस बसवा. देवाला काही वाटत नाही. मी तसं विचारलेलं नाही. पण इतकी वर्षं त्याच देवळात राहते आहे. काही वाटलं असतं तर मला कळलं असतं.