जावळाचे टोपडे

“ही मेंढरं हायत, का सुंभाच्या बाजा?” केराबाईने टोपडे उंबऱ्यातल्या उजेडात धरून विचारले.

काळ्या लोकरीवर पांढऱ्या मेंढरांची रांग विणण्याचा तिच्या नवऱ्याचा, धुळाप्पाचा मनोदय होता. परंतु पाठ सपाट, पाय ताठ आणि मानेचा पत्ता नाही, असे ते प्राणी उतरले होते.

“मेंढरंच हायत की! मान खाली घालून चरत्यात, म्हणून दिसंना.”

“बरं, चरू द्या. पर ह्ये बसायचं कुणाला? नातवाच्या कपाळावरच अडलं बघा. लिंबाला घालायचं हुतं का?”

आतल्या खोलीत बाळंतपणाला माहेरी आलेली लेक राजाबाई खुदकन हसली. धुळाप्पाने मात्र टोपडे तिच्या हातून काढून घेतले.

गुडघे निकामी झाले तेव्हा वळसंग गावचा आपला कळप विकून तो शहरात शुक्रवार पेठेत आला आणि मुलींच्या शाळेच्या फाटकावर पहारेकरी झाला. त्यावेळी त्याचे व्याही गुंडा चारचौघांत म्हणाले होते, “मेंढरं गेली, धनगरपण गेलं. आता आमचे व्याही दाराला कडी लावणार!” ते वाक्य धुळाप्पाच्या काळजात कुसळासारखे रुतून बसले होते. कळप विकताना एक गाठोडे मात्र त्याने विकले नव्हते. कोकराची पहिल्यांदा कातरलेली मऊ लोकर त्यात होती. धनगर तिला जावळ म्हणतात, आणि बाळाच्या पहिल्या केसांनाही जावळच म्हणतात. तेव्हा नातवाच्या जावळावर आपल्या कळपाचे जावळ चढवावे, आजोळचे टोपडे बाजारातून आणू नये, असा त्याने पण केला. बारसे परवावर आले होते, आणि गाठोडे तर रिकामे झाले होते.

विणकाम त्याला दाक्षायणीबाईंनी शिकवले. त्या शाळेच्या व्हरांड्यात मुलींना लोकरकाम शिकवीत. फाटकाशी बसून सूत कातणाऱ्या धुळाप्पाने एके दिवशी विचारले, “बाई, दोन रंग एका वेळी कसं चालिवत्यात?” मुली फिदीफिदी हसल्या, पण बाई हसल्या नाहीत. मग सायकलच्या जुन्या तारा दगडावर घासून त्याने सुया केल्या आणि शिष्यत्व पत्करले.

केराबाईच्या टोमण्यानंतर दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी टोपडे हाती घेतले आणि उलटे केले.

“चूक बाहेर नाही धुळाप्पा, आत आहे. मागचे धागे पाहा, तारेसारखे ताणलेत.”

“घोंगडं घट्टच पायजे की बाई. न्हायतर पाऊस आत शिरतोय.”

“हे घोंगडं नव्हे. पुढे काळा टाका असतो, तेव्हा पांढरा धागा मागून नुसता सोबत येत असतो. त्याला ओढलंत, की सगळं विणकाम आखडतं.”

धुळाप्पाने डोके खाजवले. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

“म्हंजी मागं ऱ्हायलेल्या मेंढरावानी! दोरी लावून वढलं तर पाय रोवून हुबं ऱ्हातंय. सैल सोडलं तर आपसूक येतंय.”

“अगदी तसंच!” बाई आता मात्र हसल्या. “उसवा सगळं.”

तो तिथेच उसवू लागला. हाताने कातलेले ते सूत मध्येच तुटले, तेव्हा टोके ओली करून, तळव्यांवर वळून त्याने ती एकजीव केली. पुन्हा विणावयास बसला तो पांढऱ्या धाग्याला हळूच “ये, ये” म्हणत.

“धुळाप्पामामा, कुणाला बोलावता?” घरी निघालेल्या मुलींनी विचारले.

“मागं ऱ्हायलीत, त्यास्नी.”

या खेपेस मेंढरांना माना फुटल्या. बाळाची बोटे आतल्या सैल धाग्यांत अडकू नयेत म्हणून केराबाईने आपल्या जुन्या लुगड्याचे अस्तर लावले.

बारशाला गुंडा आले. टोपडे पाहताच त्यांनी मिशीवर हात फिरवला.

“व्याही, ह्ये बायकांचं काम कवाधरनं?”

“कडी लावून झाली की करतोय थोडं थोडं.”

बायका हसल्या. गुंडांनी सवयीने लोकर चिमटीत धरली, आणि त्यांची चिमूट तिथेच थांबली.

“जावळ हाय ह्ये.”

“व्हय.”

“कुठल्या कळपाचं?”

“माझ्याच. शेवटचं.”

 गुंडांनी टोपडे दोन्ही हातांनी उचलले आणि बाळाला घातले. ते अलगद, कानांपर्यंत उतरले.

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरले. आत्याने खुळखुळा वाजवला, राजाबाईने थोपटले, पण व्यर्थ. तेव्हा धुळाप्पा वाकला आणि पाळण्यात तोंड घालून त्याने घशातून बारीक साद काढली, “हुर्रर्र… हॉ… हॉ…”

बाळ गप्प झाले.  कळप गेल्यापासून केराबाईने ती साद ऐकली नव्हती.

तिने पाळण्याची दोरी नवऱ्याच्या हाती दिली. त्याने ती सैलच धरली.